कळकीच्या रानातील लोकप्रतिनिधी : डेव्हिड क्रॉकेट ह्याचे चरित्र

अमेरिकेतील संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात टेनेसी नावाचे एक संस्थान आहे. संस्थान म्हटले की आमच्या पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांपुढे राजा, दरबार व चोपदार उभे राहतात. परंतु तिकडील संस्थानास राजा नसतो. रयत आपल्यातूनच माणसे निवडून देते, व ती माणसे कायदेमंडळात बसून कायदे करतात. ह्या टेनेसीच्या कायदेमंडळात सन १८२१ साली एक शेतकरी निवडून आला. त्याच्या अंगावर जाड्याभरड्या कापडाचे कपडे होते. शाळेत तो उभ्या आयुष्यात जेमतेम सहा महिने गेला होता. आणि सभेत बसून थोडेच दिवस झाले नाहीत तोच त्याचे होते नव्हते ते सर्व एका पुरात वाहून गेले. त्याचे नाव डेव्हिड क्रॉकेट. अमेरिकेत हे नाव अद्यापि लहान मुलांच्या तोंडी आहे. त्याच्यावर नाटके झाली, गाणी रचली गेली, चित्रपट निघाले. आणि त्या सर्वांत त्याच्या डोक्यावर केसाळ कातड्याची टोपी व हाती लांब बंदूक असावयाचीच. आम्ही ह्या ठिकाणी त्या टोपीविषयी काही लिहिणार नाही. त्याच्या आयुष्यातील कर्ज, जमीन व एका दिवशी त्याने दिलेले एक मत, ह्यांविषयी लिहिणार आहो. कारण खेड्यात राहणाऱ्या आमच्या वाचकांस ह्या गोष्टी अधिक जवळच्या वाटतील असा आमचा समज आहे.

डेव्हिडचा जन्म १७ ऑगस्ट १७८६ रोजी नॉलिचकी नावाच्या नदीच्या काठी झाला. बापाचे नाव जॉन व आईचे रिबेका. नऊ भावंडांत हा पाचवा. तो प्रदेश त्या काळी अगदी सरहद्दीवरचा होता. पूर्वेकडून गोरे लोक रान तोडीत पुढे येत होते, व ज्यांचे ते रान होते ते मूळ रहिवासी त्यांस अडवीत होते. डेव्हिडच्या जन्मापूर्वी, सन १७७७ साली, त्याचा आजा व आजी अशाच एका हल्ल्यात मारली गेली, आणि त्याचा एक मुका व बहिरा चुलता पकडून नेला गेला. तो बऱ्याच वर्षांनी परत मिळाला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे जे सांगावयाचे आहे त्याचे वजन हिच्यावाचून कळणार नाही.

बाप कष्टाळू होता, पण त्याच्या हातास यश नव्हते. त्याने ओढ्यावर पाणचक्की बांधली. ती पुराने नेली. मग नॉक्सव्हिलच्या रस्त्यावर त्याने गाडीवाल्यांसाठी एक लहानशी खाणावळ घातली. गाडीवाले गरीब, खाणावळवाला त्याहून गरीब; कर्ज वाढत गेले. बारा वर्षांचा झाल्यावर डेव्हिडला त्याने एका गुरे हाकणाऱ्या माणसाबरोबर चाकरीस लावून दिले, आणि तो पोरगा त्या कळपामागे शेकडो मैल पायी व्हर्जिनिया प्रांतात गेला. धन्याने त्याला वाईट वागविले नाही; मात्र काम झाल्यावरही घरी सोडीना. एके दिवशी बापाच्या ओळखीचे गाडीवान त्या वाटेने आले. पहाटेपूर्वी सात मैलांवरील मुक्कामावर येशील तर तुला घेऊन जाऊ, असे त्यांनी त्याला सांगितले. त्या रात्री बर्फ पडत होते व वाट दिसत नव्हती. पोरगा अंधारातून चालत निघाला, आणि उजाडण्यापूर्वी मुक्कामावर पोहोचला.

शाळेची हकीकत इतकी चांगली नाही, व ती लपविण्याचेही कारण नाही. सन १७९९ साली बापाने त्याला शाळेत घातले. चौथ्या दिवशी त्याने एका मोठ्या मुलाला वाटेत गाठून झोडपले, व मास्तरांच्या छडीच्या भीतीने तो रोज घरून निघून रानात दिवस काढू लागला. बापाला हे कळले तेव्हा तो काठी घेऊन मागे धावला. मुलगा जो पळाला तो अडीच वर्षांनी परत आला. मध्यंतरी त्याने शेतावर मजुरी केली, गाड्यांबरोबर हिंडला, आणि एका टोपीवाल्याकडे दीड वर्ष राबला. टोपीवाला कर्जात बुडून गाव सोडून गेला व पोराच्या हातावर त्याने एक छदामही ठेवली नाही. मजुरी बुडाली म्हणजे काय होते हे ज्यांनी भोगले आहे त्यांस अधिक सांगावयास नको. सन १८०२ च्या सुमारास तो घरी आला. इतर वाटसरूंबरोबर तोही मुकाट्याने जेवणाच्या मेजाशी बसला. तो इतका वाढला होता की कोणी ओळखीना. शेवटी थोरल्या बहिणीने निरखून पाहिले आणि धावत येऊन त्याच्या गळ्यात मिठी घातली.

आता आम्हांस ह्या चरित्रातील जो भाग सर्वांत मोलाचा वाटतो तो सांगतो. बापाने एका माणसास ३६ डॉलरांचा रोखा लिहून दिला होता. बापाने डेव्हिडला सांगितले की, तू त्याच्याकडे सहा महिने राबून हा रोखा फेड, म्हणजे तू माझ्यापासून मोकळा. मुलगा गेला, सहा महिन्यांत त्याने एक दिवसही चुकविला नाही. त्या धन्याने त्याला पुढेही राहण्याचा आग्रह केला. पण तेथे दारूबाज व जुगारी लोकांचा अड्डा जमत असे, म्हणून तो राहिला नाही. तेथून तो क्वेकर पंथाच्या एका वृद्ध गृहस्थाकडे काम मागावयास गेला. क्वेकर म्हणजे युद्धास व शपथेस न मानणारे, साध्या राहणीचे एक ख्रिस्ती पंथाचे लोक. एक आठवडा काम पाहिल्यावर त्या गृहस्थाने सांगितले की, तुझ्या बापाचा ४० डॉलरांचा रोखा माझ्यापाशीही आहे. तूही सहा महिने राबलास तर तो तुला देईन. बापाने ह्या रोख्याविषयी काही सांगितले नव्हते. मुलगा मोकळा झालेला होता. हे कर्ज त्याचे नव्हते, व फेड असे त्याला कोणी म्हटले असते तर नाही म्हणावयास तो मुखत्यार होता. त्याने ते काम अंगावर घेतले.

सहा महिने तो एकदाही घरी गेला नाही. मुदत पुरी झाल्यावर रोखा खिशात घालून पंधरा मैलांवरील घरी गेला, व तो कागद त्याने बापाच्या हाती दिला. बापाला वाटले की सावकाराने वसुलीस पोराला पाठविले. तो खिन्न होऊन म्हणू लागला की माझ्यापाशी पैसा नाही, मी काय करू. तेव्हा मुलाने सांगितले की हा रोखा फिटला आहे व ही माझ्याकडून तुम्हांस भेट आहे. म्हातारा रडला. बापाच्या कर्जाखाली दबलेली मुले आमच्या मंडळ्यांत थोडी नाहीत. कित्येक बाप तर मुलाला सालगडी लावून वर्षाचे पैसे आधीच उचलतात, व त्या पैशाचे काय झाले हे मुलाला कधीच कळत नाही. जॉन क्रॉकेटही ह्या बाबतीत निर्दोष नव्हता, असे आम्हांस वाटते.

हे सर्व झाल्यावर अंगावर धड कपडे नाहीत म्हणून डेव्हिड पुन्हा त्याच क्वेकर गृहस्थाकडे कामास राहिला. त्या गृहस्थाचा मुलगा शाळा चालवीत असे. आठवड्यातून चार दिवस शाळा व दोन दिवस काम, असा करार झाला, व तो सहा महिने चालला. तेवढ्यात त्याला पहिले पुस्तक वाचता येऊ लागले, आपले नाव लिहिता येऊ लागले, व अंकगणितातील पहिले तीन प्रकार आले. हीच त्याची सारी विद्या. पुढे ज्या सभेत तो बसला तीत मोठमोठे वकील होते.

सन १८०६ साली त्याने पॉली फिन्ले नावाच्या मुलीशी लग्न केले. सासऱ्याकडून दोन गाई व त्यांची वासरे मिळाली, आणि क्वेकर गृहस्थाने संसारास लागणाऱ्या जिनसा घेण्यासाठी १५ डॉलरांची चिठी दिली. जमीन खंडाने घेतली. खंड भारी होता. काही वर्षांत त्याने ओळखले की ह्या रीतीने घरधन्याचेच घर भरेल, आपले नव्हे. म्हणून तो पश्चिमेकडे सरकला, आणि पुन्हा काही वर्षांनी आणखी पश्चिमेकडे. असे त्याने जन्मभर केले. त्याला कोणी भटक्या म्हणतात. आम्हांस वाटते की ज्याच्या नावावर जमीन नाही तो असाच हिंडतो.

सन १८१३ साली हॉल व नॉट हे पहिले अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. त्याच साली डेव्हिड क्रॉकेट युद्धास गेला. ३० ऑगस्ट रोजी क्रीक नावाच्या मूळ रहिवाशांनी अलाबामा प्रदेशातील फोर्ट मिम्स ही गढी घेऊन आतील शेकडो माणसे, बायकामुलांसुद्धा, मारली. ही बातमी येताच सगळ्या सरहद्दीवर लोक बंदुका घेऊन उठले. घरी तीन लहान मुले होती. पॉलीने जाऊ नका म्हणून फार विनविले. तो नव्वद दिवसांच्या बोलीने घोडेस्वार पथकात हेर म्हणून दाखल झाला. सेनापती अँड्र्यू जॅक्सन हा होता. हे नावही ध्यानात असावे.

३ नोव्हेंबर १८१३ रोजी टॅलुशाची नावाच्या क्रीक गावास वेढा पडला. जे झाले ते लढाईपेक्षा कत्तलच अधिक होते. सुमारे १८६ क्रीक योद्धे मेले, जॅक्सनकडील पाच. चाळिसांहून अधिक माणसे एका घरात शिरली होती. ते घर त्यांच्यासह जाळण्यात आले. फौजेपाशी अन्न नव्हते. दुसऱ्या दिवशी उपाशी शिपाई त्या जळक्या घराशी आले, तेव्हा त्याच्या तळघरात बटाटे सापडले. वरील प्रेतांच्या चरबीत ते शिजले होते. शिपायांनी ते खाल्ले. क्रॉकेटने हे सर्व पुढे आपल्या पुस्तकात स्वतः लिहिले आहे, आणि त्यात शौर्याची फुशारकी नाही. तो इतकेच सांगतो की भूक होती म्हणून खाल्ले, नाहीतर खाल्ले नसते. आम्ही हा प्रसंग लिहावा की न लिहावा असा विचार केला. परंतु युद्धकथा ऐकून ज्यांचे हात शिवशिवतात अशा तरुणांनी तो ऐकलेला बरा.

पुढील वर्षी तो पुन्हा फौजेत गेला, पण त्या खेपेस त्याच्या वाट्यास लढाईपेक्षा उपासमारच अधिक आली. सन १८१५ साली तो घरी आला, आणि त्याच वर्षी पॉली वारली. तीन मुले पोरकी झाली. शेजारी एलिझाबेथ पॅटन नावाची एक विधवा होती. तिचा नवरा ह्याच युद्धात पडला होता, व तिला दोन मुले होती. दोघांनी लग्न करून दोन्ही संसार एक केले. ही बाई शहाणी, हिशेबी व शेतीत जाणती होती. क्रॉकेटला पैसा राखता येत नसे. जे राहिले ते तिच्यामुळे राहिले.

सन १८१७ साली ही मंडळी शोल नावाच्या ओढ्याकाठी नव्या मुलखात गेली. तेथे कायदा अद्यापि पोहोचला नव्हता. लोकांनी मिळून क्रॉकेटला न्यायाधीश केले, व मागाहून सरकारने त्यावर शिक्का मारला. त्याला धड समन्स लिहिता येत नव्हते; पण माणसे ओळखता येत होती, व त्याने दिलेले निकाल लोकांनी मानले. पुढे सन १८२१ साली लोकांनी त्याला कायदेमंडळासाठी उभे केले. सरकार म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हते, व भाषण करणे तर मुळीच ठाऊक नव्हते. पहिल्याच सभेत तो उभा राहिला आणि तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा त्याने एक गोष्ट सांगितली. रस्त्याच्या कडेला एक मनुष्य रिकाम्या पिंपावर काठी मारीत बसला होता. का मारतोस असे विचारता तो म्हणाला की, ह्यात काही दिवसांपूर्वी सफरचंदाचा रस होता, तो अजून आहे की काय हे पाहतो. क्रॉकेटने लोकांस सांगितले की माझ्यातही थोड्या वेळापूर्वी एक भाषण होते, पण आता ते बाहेर येत नाही. लोक पोट धरून हसले, आणि तो त्यांस घेऊन दारू पाजावयास गेला. मतासाठी दारू पाजण्याची ही चाल त्या मुलखात सर्रास होती व क्रॉकेटने ती शेवटपर्यंत सोडली नाही. आमच्या इकडे निवडणुकीच्या दिवसांत जे चालते ते पाहिले असता, त्याला दोष देताना आपली मान वर राहत नाही. तथापि दोष तो दोषच.

मर्फ्रीसबरो गावी सभा भरली. दुसऱ्या एका सभासदाने भाषणात क्रॉकेटचा उल्लेख कळकीच्या रानातील गृहस्थ असा केला. कळकीचे रान म्हणजे जेथे गरीब लोक बेवारशी जमीन साफ करून झोपड्या घालतात ती जागा. अर्थ असा की हा अडाणी रानवट मनुष्य आहे. क्रॉकेट चिडला. तो सभासद फार नटून येत असे. त्याच्या सदऱ्यास पातळ कापडाची सुंदर झालर असे. तशीच एक झालर क्रॉकेटला कोठे पडलेली सापडली. पुढे सभा चालू असता ती आपल्या जाड्याभरड्या सदऱ्यावर टाचून तो बोलावयास उभा राहिला. त्याने एक शब्द बोलण्यापूर्वीच सभेत हशा पिकला, व तो झालरवाला गृहस्थ सभागृह सोडून गेला. त्या दिवसापासून कळकीच्या रानातील गृहस्थ ही पदवीच झाली, व गरीब लोकांनी ती अभिमानाने घेतली.

सभा भरून थोडेच दिवस झाले होते इतक्यात घरून निरोप आला की पुराने सर्व नेले. शोल ओढ्याकाठी त्याने व एलिझाबेथीने धान्य दळण्याची पाणचक्की, बंदुकीच्या दारूची गिरणी, आणि दारू गाळण्याची भट्टी अशी तीन कामे उभारली होती. त्यांवर सुमारे ३,००० डॉलर लागले होते, व त्यातील पुष्कळ कर्जाऊ होते. बापाची चक्की पुराने नेली. मुलाचीही तशीच गेली. भट्टी गेली ह्याचे आम्हांस फारसे दुःख होत नाही. परंतु चक्की गेल्याने घरात दळणही उरले नाही. तो रजा घेऊन घरी आला. त्या प्रसंगी पुष्कळ लोक काय करतात हे सर्वांस ठाऊक आहे : जे शिल्लक असेल ते नातलगांच्या नावे करतात, व सावकार दारात आला म्हणजे दोन्ही हात वर करतात. एलिझाबेथने त्याला तसा सल्ला दिला नाही. तिने सांगितले की, जवळ कवडी असेतोवर सर्वांचे देणे देऊन टाका, म्हणजे कोणाचे काही राहणार नाही. मग आपण पुन्हा झटू. त्याने तसेच केले. सर्वस्व देऊन टाकून, मुलेबाळे घेऊन, तो ओबायन नदीकडील रानात गेला. तेथे शेजारी घर मैलोगणती दूर होते, आणि अस्वले पुष्कळ होती.

त्या नव्या मुलखातूनही लोकांनी त्याला सन १८२३ साली कायदेमंडळात पाठविले. प्रतिपक्षी एक श्रीमंत डॉक्टर होते, व त्यांचे जॅक्सनशी नाते होते. त्यांनी एकदा क्रॉकेटला घरी जेवावयास नेले. खोलीत सुंदर गालिचा अंथरला होता. क्रॉकेट त्यावर पाय देईना, वळसा घालून गेला. पुढे प्रत्येक सभेत तो सांगे की, तुमच्या बायकालेकींस अंगात घालावयास जसे कापड मिळत नाही तसले कापड हे गृहस्थ पायाखाली तुडवितात. हा टोला थोडा अन्यायाचा होता, कारण डॉक्टरांनी त्याला आदरानेच बोलाविले होते. पण तो लागू पडला.

आता जमिनीचा प्रश्न. पश्चिम टेनेसीतील बहुतेक गरीब लोक क्रॉकेटसारखेच होते. त्यांनी रान तोडले, झोपडी बांधली, मका पेरला; परंतु जमीन त्यांच्या नावे नव्हती. पूर्वीच्या युद्धातील शिपायांस सरकारने जमिनीच्या सनदा दिल्या होत्या. त्या सनदा शहरातील सावकारांनी व वकिलांनी स्वस्तात विकत घेतल्या, व चांगली साफ केलेली जमीन दिसली की ते सनद घेऊन येत आणि कसणाऱ्यास बाहेर काढीत. संस्थानच्या कायदेमंडळात क्रॉकेटने ह्या लोकांची बाजू घेतली. सन १८२५ साली तो वॉशिंग्टन येथील काँग्रेससाठी उभा राहिला व पडला. तिकडे काँग्रेस हे पक्षाचे नाव नसून सर्व संस्थानांच्या मिळून असलेल्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे आहे. मग त्याने लाकडी पिंपांच्या फळ्या कापून होडग्यांतून मिसिसिपी नदीने विकावयास नेल्या; मेम्फिस गावाजवळ होडगी उलटली, माल बुडाला, आणि सोबत्यांनी त्याला एका लहानशा भोकातून ओढून काढले तेव्हा अंगावर कपडा व पुरती कातडीही राहिली नव्हती. सन १८२७ साली मात्र तो काँग्रेसात निवडून आला.

तेथे त्याने एकच गोष्ट धरून ठेवली : जो कसतो त्याला १६० एकरांपर्यंत जमीन द्यावी. त्याच्याच संस्थानच्या पुढाऱ्यांचे म्हणणे असे होते की, ती जमीन संस्थानास मिळावी, संस्थानाने ती विकावी, व तो पैसा विद्येच्या कामी लावावा. विद्येचे नाव ऐकून आमच्यापैकी कोणीही मान डोलावील. परंतु क्रॉकेट विचारी की, त्या विद्यालयांत गरिबाचा मुलगा कधी जाणार? आणि ती उघडण्यासाठी त्याच्याच बापाची झोपडी विकली जाणार! ह्या मुद्द्यावर त्याचे आपल्या पक्षाशी फाटले. सन १८२९ साली जॅक्सन हा संयुक्त संस्थानांचा अध्यक्ष झाला होता, आणि त्याच्याविरुद्ध टेनेसीत ब्र काढणे म्हणजे राजकारणातील आत्मघात होता.

त्यानंतर सन १८३० आले. मिसिसिपीच्या पूर्वेस राहणाऱ्या चेरोकी, क्रीक आदि मूळ रहिवाशांनी आपला मुलूख सोडून नदीपलीकडे जावे, ह्यासाठी जॅक्सनने कायदा आणला. चेरोकी लोक ह्या वेळी शेते करीत होते, घरे बांधून राहत होते. त्यांच्यातील सिक्वोया ह्याने त्यांच्या भाषेसाठी लिपी तयार केली होती, व सन १८२८ पासून त्यांचे वर्तमानपत्रही निघत होते. ज्या अमेरिकन बोर्डाने हॉल व नॉट ह्यांस मुंबईस पाठविले, त्याच बोर्डाचे मिशनरी सन १८१७ पासून चेरोकी लोकांत शाळा चालवीत होते. बोर्डाचे चिटणीस जेरेमाया एव्हर्ट्स ह्यांनी ह्या कायद्याविरुद्ध एक लेखमाला लिहून देशभर चळवळ केली. सॅम्युएल वूस्टर व एलिझर बटलर ह्या दोघा मिशनऱ्यांस पुढे, सन १८३१ साली, चेरोकी मुलूख सोडण्याचे नाकारल्यावरून जॉर्जिया संस्थानाने चार वर्षे सक्तमजुरीची शिक्षा दिली. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आमच्या वाचकांस माहीत आहे. येथे मळा एका माणसाचा नसून अनेक राष्ट्रांचा होता.

क्रॉकेट मिशनरी नव्हता, विद्वान नव्हता. त्याचा आजा व आजी मूळ रहिवाशांच्या हातून मेली होती. तो स्वतः क्रीक लोकांशी लढला होता. ज्याने कायदा आणला तो त्याचा जुना सेनापती होता. आणि ज्यांच्या मतांवर तो निवडून आला त्या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांस ती जमीन हवी होती. सोबत्यांनी त्याला बजावले की तू आपल्या हाताने आपला नाश करीत आहेस. २६ मे १८३० रोजी मते घेतली गेली. कायद्याच्या बाजूने १०२, विरुद्ध ९७. टेनेसीच्या सर्व प्रतिनिधींत विरुद्ध मत देणारा एकटा डेव्हिड क्रॉकेट होता. पुढे त्याने लिहिले की हा कायदा दुष्टपणाचा व अन्यायाचा आहे असे आपणास वाटले, आणि त्या मताबद्दल न्यायाच्या दिवशी आपणास लाज वाटणार नाही. चेरोकींचा प्रमुख जॉन रॉस ह्याने त्याला आभाराचे पत्र पाठविले. मतदारांनी सन १८३१ साली त्याला घरी पाठविले.

कायदा थांबला नाही. सन १८३८ साली सुमारे १६,००० चेरोकींस शिपायांच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे नेण्यात आले, व त्या हालात सुमारे ४,००० माणसे मेली. क्रॉकेट तोपर्यंत जिवंत नव्हता.

त्याला अगदी निर्मळ ठरविण्याचा आमचा हेतू नाही. त्याच्या घरी गुलाम होते. त्या लोकांविषयी त्याचे मन कधी टोचले असे दिसत नाही. बढाया मारण्याची त्याला हौस होती, व सन १८३१ साली त्याच्यासारखे एक पात्र घालून रंगभूमीवर नाटक आले तेव्हापासून ती वाढतच गेली. सन १८३३ साली तो थोड्या मतांनी पुन्हा निवडून आला. सन १८३४ साली एका स्नेह्याच्या साहाय्याने त्याने आपले आत्मचरित्र छापले. मग जॅक्सनच्या विरोधकांनी त्याला शहरोशहरी मिरवले. ते लोक त्याच्या जमिनीच्या विधेयकासाठी झटत नव्हते. त्यांस जॅक्सनविरुद्ध बोलणारा एक रानातला मनुष्य हवा होता. हे त्याला उशिरा कळले. सन १८३५ साली तो २५२ मतांनी पडला. ज्याने त्याला पाडले त्या वकिलाचा एक पाय लाकडी होता. खरा पाय त्याच क्रीक युद्धात गेला होता.

नोव्हेंबर १८३५ मध्ये तो टेक्ससकडे निघाला. टेक्सस तेव्हा मेक्सिकोच्या राज्यात होते, व तेथील अमेरिकन वसाहतवाल्यांनी बंड केले होते. त्या बंडात स्वातंत्र्याची इच्छा होती, तशीच गुलाम बाळगण्याची इच्छाही होती, कारण मेक्सिकोने सन १८२९ साली गुलामगिरी बंद केली होती. क्रॉकेटला तेथे जमीन दिसली. चांगली, काळी, मोकळी जमीन. आणि लढणाऱ्यास ती मिळणार होती. सॅन अँटोनियो येथे अलामो नावाची एक जुनी मिशनची इमारत होती. तेथे तो सुमारे दोनशे माणसांबरोबर कोंडला गेला. २३ फेब्रुवारी १८३६ रोजी वेढा पडला, आणि तेराव्या दिवशी, ६ मार्च रोजी पहाटे, सेनापती सांता आनाच्या फौजेने ती जागा घेतली. लढणारे जवळजवळ सर्व मेले. क्रॉकेट लढता लढता पडला की पकडून मारला गेला ह्यावर इतिहासकार अद्यापि भांडतात. त्याचे वय एकोणपन्नास वर्षांचे होते.

पॉलीचा थोरला मुलगा जॉन वेस्ली क्रॉकेट हा वकील झाला. सन १८३७ साली तो बापाच्याच जागी काँग्रेसात निवडून आला, आणि पश्चिम टेनेसीच्या जमिनीचे विधेयक त्याने पुन्हा पुढे आणले. फेब्रुवारी १८४१ मध्ये ते पास झाले. एलिझाबेथ नवऱ्यामागे चोवीस वर्षे जगली. अलामोत पडलेल्यांच्या वारसांस टेक्सस सरकारने जमीन देऊ केली होती. ती घेण्यासाठी म्हातारपणी, १८५० नंतरच्या दशकात, ती मुलांसह तिकडे गेली. सन १८६० च्या जानेवारीत ती तेथेच वारली, व ॲक्टन गावच्या स्मशानभूमीत तिला मूठमाती देण्यात आली.